बुरशीविरुद्धची लस : जनावरांपर्यंत पोहोचली, माणसांसाठी अडली

मराठवाड्यात गजकर्ण हा फार काळ किरकोळ आजार मानला गेला. औषधाच्या दुकानातून मलम आणायचे, खाज थांबली की लावणे सोडायचे आणि चट्टे पुन्हा उमटले की तेच मलम आणायचे, असा क्रम घरोघरी चालत आला. यांतील अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज व लाली दबते, परंतु त्वचेचा प्रतिकारही दबतो आणि बुरशी पसरत राहते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तोवर बरेच नुकसान झाले होते. टर्बिनाफिन या गजकर्णावरील नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या, भारतीय उपखंडातून पसरलेल्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. टर्बिनाफिन ज्या विकरावर (एन्झाइमवर) काम करते, त्या विकराच्या जनुकातच तिच्यात बदल झालेला आढळतो.

औषधे निकामी होण्याचा प्रश्न बुरशीच्या बाबतीत अधिक गंभीर आहे, कारण औषधे मुळातच थोडी आहेत. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीशी अधिक मिळतीजुळती असल्यामुळे, तिला मारील आणि रुग्णाला इजा करणार नाही असे रसायन सापडणे अवघड असते. १९५० च्या दशकात सापडलेले अँफोटेरिसिन बी मूत्रपिंडांना अपाय करते, तरीही २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचा मुख्य आधार तेच होते, कारण फ्लुकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल ही इतर बुरशीनाशक औषधे म्युकरमायकोसिसच्या बुरशीवर चालत नाहीत. त्या मे महिन्यात इंजेक्शनसाठी नातेवाइकांची झालेली वणवण येथील कुटुंबांना वेगळी सांगायला नको. याच सुमारास जगभरातील रुग्णालयांना कॅन्डिडा ऑरिसची धास्ती होती. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून प्रथम वर्णन झालेल्या या बुरशीचे काही वाण औषधांच्या तिन्ही प्रमुख गटांना दाद देत नाहीत. शेतीचाही येथे संबंध आहे. पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनाझोलसारखी बुरशीनाशके आणि रुग्णाला दिली जाणारी ॲझोल गटातील औषधे एकाच तऱ्हेने काम करतात, आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या बुरशीतील औषध-प्रतिरोधाचा माग युरोपात शेतापर्यंत लागला आहे.

अशा वेळी लसीचा विचार होणे स्वाभाविक होते, आणि तो नवा नाही. जनावरांच्या गजकर्णावर सोव्हिएत संघात सर्किसोव यांच्या गटाने ट्रायकोफायटन व्हेरुकोसम या बुरशीच्या दुर्बल केलेल्या जिवंत वाणापासून लस बनवली. १९७० च्या दशकापासून ती वापरात आली आणि नॉर्वेने पद्धतशीर लसीकरण करून गोठ्यांतील हा रोग मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणला. वासरांच्या डोळ्यांभोवती व मानेवर राखाडी खपल्या धरतात, तो हाच रोग. बुरशीविरुद्ध टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण करता येते, याचा हा पुरावा माझ्या मते पुरेसा गांभीर्याने घेतला गेला नाही.

माणसांतील पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. कॅलिफोर्निया व ॲरिझोनातील कॉक्सिडिऑइड्स या मातीतील बुरशीविरुद्ध मृत पेशींची लस १९८० ते १९८५ या काळात सुमारे २,९०० निरोगी लोकांवर तपासली गेली. उंदरांना वाचवणारी मात्रा माणसांत टोचल्या जागी इतकी सूज व वेदना करी, की ती बरीच कमी करावी लागली, आणि कमी मात्रेने लक्षणीय संरक्षण दिसले नाही. त्यानंतर संपूर्ण पेशीऐवजी तिचे एखादे प्रथिन वापरण्याकडे कल वळला. कॅन्डिडाच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाची एनडीव्ही-३ए ही लस वारंवार योनिसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये तपासली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चाळीस वर्षांखालील गटात फायदा दिसला, आणि पुढच्याच वर्षी याच लसीने उंदरांना कॅन्डिडा ऑरिसपासून संरक्षण दिल्याचे नोंदले गेले. जॉर्जिया विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये एकाच लसीने ॲस्परजिलस, कॅन्डिडा व न्यूमोसिस्टिस या तिन्ही बुरशींविरुद्ध प्राण्यांत संरक्षण दाखवले, तेही प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असताना. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आतल्या अवयवांत शिरणारी बुरशी मुख्यतः अशाच दुबळ्या शरीरांत वाढते आणि लसीला प्रतिसाद देण्याची ताकद नेमकी तेथेच कमी असते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ प्राधान्याच्या बुरशींची यादी काढली. तीत म्युकर गट आहे, कॅन्डिडा ऑरिस आहे. भर मुख्यतः जीवघेण्या संसर्गांवर असल्यामुळे गजकर्णाची बुरशी मात्र नाही. वास्तविक ट्रायकोफायटन इंडोटिनी ही, जिच्यावर जनावरांची लस पन्नास वर्षांपूर्वी निघाली, त्याच प्रजातीतील बुरशी आहे, आणि गजकर्णाचा बहुतेक रुग्ण धडधाकट, लसीला प्रतिसाद देऊ शकणारा असतो. ऊसतोडीच्या हंगामात महिनोन्‌महिने घामाच्या कपड्यांत राबणाऱ्या बीडच्या मजुरासाठी याच दिशेने संशोधन होण्याची गरज आहे.