कॅन्सरनंतरचं चालणं: बँड मोजतो, पण उठवतं कोण?

कॅन्सरची ट्रीटमेंट संपली की घरातले सगळे एकच सांगतात, आता फक्त आराम कर. त्यात त्यांची काही चूक नाही, केमो झालेली असते, रेडिएशन झालेलं असतं, एक जिना चढला तरी धाप लागते, अशा माणसाला फिरायला जा म्हणायला जीभच वळत नाही. पण हा थकवा साधा नसतो, कितीही झोपलं तरी तो जात नाही, उलट पडून राहिल्याने स्नायू झिजतात, मग थोड्याशा कामाने दम लागतो आणि दम लागतो म्हणून माणूस परत पडून राहतो. हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने हा थकवा कमी होतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. २०१९ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने बोलावलेल्या तज्ज्ञांनी तर औषधासारखा डोसच सांगितला, आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि जमल्यास दोनदा ताकदीचा.

मग जून २०२५ मध्ये 'चॅलेंज' नावाच्या ट्रायलचा रिझल्ट आला आणि मला वाटतं त्यानंतर हा विषय 'केलं तर बरं' एवढाच राहिला नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ पेशंट, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. सगळ्यांना व्यायाम आणि खाण्यापिण्याची माहिती छापून दिली, पण अर्ध्यांना त्याशिवाय तीन वर्षं व्यायामाचा कार्यक्रम आणि नियमित भेटणारा मार्गदर्शक दिला. आठ वर्षांनंतर व्यायामाच्या गटातले ९०.३ टक्के हयात होते, नुसती माहिती मिळालेल्या गटात ८३.२ टक्के. म्हणजे व्यायाम करा हे माहीत दोघांनाही होतं, फरक पडला तो करवून घेण्याने.

आता प्रश्न असा की तीन वर्षं मार्गदर्शक प्रत्येकाला कुठून मिळणार? इथे मोबाईल आणि पावलं मोजणारे मनगटावरचे बँड येतात.

बँडच्या आत एक इवलासा सेन्सर असतो, सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा लवचिक आधारावर टांगलेला, हात हलला की तो किंचित सरकतो आणि त्याने विजेच्या मोजमापात होणाऱ्या बदलावरून बँड पावलं ओळखतो. बऱ्याच बँडमध्ये मागे हिरवा दिवाही असतो, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं त्यामुळे परत येणारा प्रकाश प्रत्येक ठोक्याला कमीजास्त होतो आणि त्यावरून नाडी कळते. अर्थात हे मोजणं अचूक नसतं, खूप हळू चाललं किंवा हात ट्रॉलीवर ठेवून चाललं की पावलं कमी मोजली जातात. आजारातून उठलेला माणूस हळूच चालतो, तेव्हा बँडवर आकडा कमी दिसला म्हणून खट्टू होऊ नका.

पण नुसतं मोजून माणूस चालायला लागतो का? मेलबर्नमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेट' नावाची एक ट्रायल झाली, तिचा रिझल्ट २०१९ मध्ये आला. त्यात ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट पूर्ण झालेल्या, पाळी गेलेल्या आणि फारसा व्यायाम न करणाऱ्या ८३ बायका होत्या. एका गटाला गार्मिन कंपनीचा व्हिवोफिट २ हा बँड दिला, तासभर बसून राहिलं की याच्यावर लाल पट्टी येते. त्यासोबत एकदा समोर बसून ध्येय ठरवलं आणि पुढे पाच वेळा फोनवर कोचशी बोलणं झालं. १२ आठवड्यांनी या गटाचा दमवणारा व्यायाम दुसऱ्या गटापेक्षा आठवड्याला ६९ मिनिटांनी जास्त होता आणि बसणं दिवसाला ३७ मिनिटांनी कमी. आणि ही मिनिटं बायकांनी अंदाजाने सांगितलेली नाहीत, संशोधनासाठीची वेगळी उपकरणं लावून मोजलेली आहेत.

बँडचं काम किती आणि फोनवरच्या कोचचं किती हे या ट्रायलमधून वेगळं काढता येत नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत हेच शोधायला 'फिट टू थ्राइव्ह' हा प्रयोग केला, ब्रेस्ट कॅन्सरमधून बाहेर आलेल्या २६९ बायकांना फिटबिट बँड आणि एक अ‍ॅप सगळ्यांनाच दिलं आणि वर पाच गोष्टी, म्हणजे फोन कॉल, जास्त सोयींचं अ‍ॅप, मेसेज, ऑनलाइन जिम आणि सोबतीला एक जोडीदार, या कोणाला द्यायच्या कोणाला नाही अशा ३२ प्रकारे वाटल्या. व्यायाम एकूण वाढला, पण या पाचातली कुठलीही एक गोष्ट बाकीच्यांना मागे टाकून गेली नाही. मला स्वतःला तरी माणसाची सोबत जास्त मोलाची वाटते, कारण आज पायात गोळे आलेत हे बँडला कळत नाही, फोनवरच्या माणसाला सांगता येतं, आणि घरात असा बोलणारा कोणी असेल तर ते काम तोही करू शकतो.

हेही स्पष्ट सांगायला हवं की बँडच्या या ट्रायल काही आठवड्यांच्या आहेत आणि त्यांनी व्यायामाची मिनिटं मोजलीत, आयुष्य वाढतं का हे तपासलेलं नाही. ते 'चॅलेंज'ने तपासलं, पण तिथे माणसं होती, बँडवर भिस्त नव्हती.

घरी सुरू करायचं असेल तर १०,००० पावलांच्या मागे लागू नका, तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला, कॅन्सरच्या पेशंटसाठी कोणी ठरवलेला नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये पावलं मोजायची सोय असतेच. आधी आठवडाभर नेहमीसारखं वागून तुमचा रोजचा आकडा बघा आणि मग त्यात थोडं थोडं वाढवत न्या. हाडांत कॅन्सर पसरलेला असेल, प्लेटलेट्स कमी असतील, केमोनंतर तळपाय बधिर झाले असतील किंवा हृदयावर परिणाम झाला असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. काही जण बीटा ब्लॉकर म्हणजे बीपी किंवा हृदयासाठीची गोळी घेतात, त्याने नाडी मुळातच हळू चालते, अशा वेळी बँडवरच्या नाडीकडे बघून जोर ठरवू नका, चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा वेग ठेवा.