साडेतेवीस येनचा किल्ला

जपानमधल्या हिमेजीच्या किल्ल्यात मुख्य मनोऱ्याच्या दाराशी बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे लागतात आणि ती पिशवी हातात धरूनच सगळे मजले चढावे लागतात. जिने लाकडी, जवळजवळ शिडीसारखे उभे, पायाखाली पॉलिश झालेल्या फळ्या. मोजे घातलेले असतील तर कठडा सोडू नये. लिफ्ट नाही. ओसाकाच्या किल्ल्यात लिफ्ट आहे, कारण तिथला आजचा मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. जपानमध्ये किल्ला बघायला जाणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा. बाहेरून जुने दिसणारे बरेचसे मनोरे विसाव्या शतकातले आहेत. सरंजामी काळातला मूळ मनोरा, ज्याला तिकडे तेन्शु म्हणतात, तो देशभरात फक्त 12 ठिकाणी उरलाय. त्यांतला सगळ्यात मोठा हिमेजीचा.

या टेकडीवर चौदाव्या शतकापासून आकामात्सु घराण्याची गढी होती. पुढे 1580 मध्ये तिथल्या कुरोदा कानबेई या सरदाराने ती जागा हिदेयोशी या बलाढ्य सेनापतीच्या हवाली केली आणि त्याने तिथे तीन मजली मनोरा उभारला. पण आज दिसतो तो किल्ला त्याचा नव्हे. 1600 साली देशावर सत्ता कोणाची हे ठरवणारी सेकिगाहाराची लढाई झाली, तोकुगावा घराण्याचा प्रमुख इएयासु जिंकला आणि त्याने हिमेजी आपल्या जावयाला, इकेदा तेरुमासाला दिलं. सोबत 5,20,000 कोकुंचा मुलूख. एक कोकु म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. जावयाला एवढं देण्यामागे हिशेब होता. ओसाकात हिदेयोशीचा मुलगा अजून बसलेला होता आणि पश्चिमेकडच्या सरदारांचा भरवसा नव्हता. त्यांच्या वाटेवर पहारा हवा होता. 1601 ते 1609 या काळात तेरुमासाने सगळं नव्याने बांधलं.

बांधलं ते लढाईसाठीच. दरवाज्यातून आत शिरल्यावर मनोरा समोर दिसतो, पण वाट भलतीकडे वळते, मध्येच उताराला लागते आणि पाठ मनोऱ्याकडे होते. गोमुखी दरवाजा पाहिलेल्या माणसाला यातली युक्ती लगेच कळेल. तटाच्या भिंतींत गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या आहेत, बंदुकीसाठी आणि बाणासाठी वेगवेगळ्या. कोपऱ्यांवर खालच्या शत्रूवर दगड टाकायची झडपं आहेत. आणि यातलं काहीही कधी वापरावं लागलं नाही. या किल्ल्यासाठी कधी खरी लढाई झाली नाही.

1615 मध्ये ओसाका पडलं आणि त्याच वर्षी तोकुगावांनी हुकूम काढला की एका प्रांतात एकच किल्ला ठेवायचा, बाकीचे पाडायचे. शिवाय परवानगीशिवाय डागडुजीही करायची नाही. हे नुसतं धमकावणं नव्हतं. हिरोशिमाच्या फुकुशिमा मासानोरीने न विचारता तटाची दुरुस्ती केली, तर 1619 मध्ये त्याची जहागीरच गेली. तेव्हापासून जपानी किल्ल्याचा खरा शत्रू कागद होता.

तेरुमासाचा नातू लहान असताना गादीवर आला. एवढ्या मोक्याच्या जागी पोर नको, म्हणून 1617 मध्ये त्याला तोत्तोरीला हलवलं आणि हिमेजी होन्दा घराण्याकडे गेलं. पश्चिमेकडची लांबलचक ओसरी आणि तिच्या टोकाची माडी ही होन्दांची भर. इएयासुची नात सेनहिमे, जिचा पहिला नवरा ओसाकाच्या आगीबरोबर गेला, ती होन्दांची सून म्हणून इथे राहिली. इकेदांचं घराणं पुढे ओकायामाला स्थिरावलं आणि तेरुमासाच्या पणतूने तिथे कोराकुएन नावाची बाग केली. तिच्याच धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान झालं, ज्याला आपण पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतो. म्हणजे रविवारी तिथे फिरायला जाणारे पुणेकर या घराण्याला नकळत ओळखतात.

तोकुगावांची सत्ता जाऊन सम्राटाच्या नावाने आलेल्या मेजी सरकारने 1871 मध्ये सरदारांची संस्थानं खालसा केली आणि किल्ले एका दिवसात बिनकामाचे झाले. हिमेजीचा लिलाव झाला आणि गावातल्याच एकाने तो 23 येन 50 सेनला घेतला, असं सांगतात. कौलं आणि सामान विकून पैसे सुटतील असा त्याचा अंदाज असणार. पण पाडायलाच जास्त खर्च येतोय हे लक्षात आल्यावर त्याने नाद सोडला. मात्सुमोतोचा मनोराही असाच लिलावात गेला होता. तिथल्या एका नागरिकाने मनोऱ्यात प्रदर्शनं भरवून पैसे उभे केले, म्हणून तो वाचला. हिमेजी लष्कराकडे आलं, खालचे वाडे जाऊन बराकी आल्या. 1878 मध्ये नाकामुरा शिगेतो या कर्नलने वरिष्ठांना अर्ज केला की हा किल्ला जतन करावा. आत त्याच्या नावाचा दगड उभा आहे.

1945 च्या जुलैमध्ये हिमेजी शहरावर आगीचे बॉम्ब पडले. पांढऱ्या भिंती रात्री लांबून दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर काळी जाळी टाकलेली होती. शहर जळालं, मनोरा राहिला. त्याच वर्षी नागोयाचा आणि हिरोशिमाचा मनोरा गेला.

पण तोवर हिमेजीचा मनोरा आपल्याच वजनाने खचत चालला होता. पाया आग्नेयेकडे बसल्यामुळे मनोरा त्या बाजूला कलला होता. (हा कल बघून मुख्य सुताराने तोंडात पटाशी धरून वरून उडी घेतली, अशी दंतकथा आहे. सुतार बिचारा निर्दोष होता, जमीनच भुसभुशीत होती.) 1956 ते 1964 मध्ये सगळा मनोरा सुटा करून खाली काँक्रीटचा पाया घातला आणि पुन्हा जोडला. तळघरापासून सहाव्या मजल्यापर्यंत दोन प्रचंड खांब जातात. पश्चिमेकडचा कुजलेला होता. त्याच्यासाठी किसोच्या जंगलातून हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा सोट आणला, तो वाटेतच मोडला. शेवटी दोन झाडं जोडून एक खांब केला. तिसऱ्या मजल्यावर तो सांधा बघायला मिळतो.

शेवटची मोठी दुरुस्ती 2009 ते 2015 मध्ये झाली. चुना, समुद्री शेवाळाचा डिंक आणि तागासारखे धागे मिसळून केलेला गिलावा भिंतींवर तर आहेच, कौलांच्या सांध्यांवरही आहे, म्हणून छपरंही पांढरी दिसतात. या किल्ल्याचं लाडकं नाव शिरासागी, म्हणजे पांढरा बगळा. दुरुस्तीचे पडदे उतरल्यावर लोकांनी नाव जरासं बदलून त्याला शिरोसुगी म्हणायला सुरुवात केली. म्हणजे फारच पांढरा. पण चुनाच तो. चार पावसाळे गेले की बुरशी धरते आणि बगळा पुन्हा करडा व्हायला लागतो.