पोस्टमध्ये चेंडू: लेन रुंदावत गेली, पास लांबत गेला

बास्केटबॉलमधल्या उंच खेळाडूची आठवण निघाली की शेवटचा क्षणच आठवतो. तो वळला, एका हाताने डोक्यावरून हुक मारला, चेंडू जाळीत. त्याच्या दोन सेकंद आधी विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या बाजूवरून, चेंडू त्याच्या हातात पोचला कसा, ते फारसं कुणी सांगत नाही. पण पोस्ट खेळावर, म्हणजे बास्केटजवळ पाठमोरं उभं राहून चेंडू घेण्याच्या खेळावर, नियमांनी आणि बचावाने जितके घाव घातले, त्यांतले बहुतेक शेवटी या पासवरच पडले. माणसाची उंची कापता येत नाही. पास मात्र लांब करता येतो, वाकडा करता येतो, अडवता येतो.

सुरुवातीला पोस्ट नावाची जागाच नव्हती. डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने खेळ बसवला, तेव्हा चेंडू हातात असताना पळायचं नाही हा त्याच्या तेरा नियमांमधला एक नियम होता. जिथे पकडलात तिथूनच फेका. म्हणजे सगळा खेळ पासचाच. बास्केटकडे पाठ करून एकाच जागी उभं राहण्याची युक्ती नावारूपाला आली ती 1920 च्या दशकात, ओरिजिनल सेल्टिक्स या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघामुळे. त्यांचा डच डेनर्ट फ्री थ्रो लाइनच्या (जिथून मोफत फेक घेतात त्या रेषेच्या) आसपास पाठमोरा उभा राहायचा. बाकीचे त्याला चेंडू देऊन त्याच्या दोन्ही बाजूंनी बास्केटकडे धावायचे. जो मोकळा सुटला त्याला चेंडू परत मिळायचा. बचावपटू पास तोडायला पुढे झुकला की डेनर्ट स्वतःच वळून बास्केटकडे जायचा. युक्ती त्याला नेमकी कधी आणि कुठे सुचली याच्या कथा बऱ्याच आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. महत्त्वाचं एवढंच की पिव्होट, म्हणजे असा पाठमोरा उभा खेळाडू, मुळात गुण करणारा नव्हता, चेंडू फिरवणारा खांब होता.

त्या काळी लेन, म्हणजे बास्केटमागच्या बेसलाइनपासून फ्री थ्रो लाइनपर्यंतचा आखलेला पट्टा, फक्त 6 फूट रुंद होती. वरचं फ्री थ्रो वर्तुळ 12 फूट व्यासाचं, त्यामुळे आकार किल्लीच्या भोकासारखा दिसायचा. अमेरिकन लोक आजही त्या भागाला ‘की’ म्हणतात ते त्यामुळे. आत कितीही वेळ उभं राहिलं तरी चालायचं. 1930 च्या दशकात तीन सेकंदांचा नियम, म्हणजे चढाई करणाऱ्याने लेनमध्ये त्याहून जास्त थांबायचं नाही, टप्प्याटप्प्याने आला. आधी तो चेंडू हातात असलेल्या खेळाडूपुरता होता, मग चेंडू नसलेल्यालाही लागू झाला. पास देणाऱ्याला खरा फटका या दुसऱ्या टप्प्याने बसला. आता खांब जागेवर वाट पाहत थांबणार नव्हता. तो येणार, क्षणभर जागा धरणार आणि निघून जाणार. पास त्या क्षणातच पडायला हवा.

मग जॉर्ज मायकन आला. 6 फूट 10 इंच, जाड चष्मा, संघ मिनियापोलिस लेकर्स. 6 फुटांच्या लेनच्या कडेला तो उभा राहिला की बास्केटच्या मध्यरेषेपासून जेमतेम 3 फुटांवर असायचा. तिथे चेंडू मिळाला की एक पाऊल आणि खेळ खलास. प्रतिस्पर्ध्यांकडे एकच उपाय उरला, चेंडू त्याच्यापर्यंत जाऊच द्यायचा नाही. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने तो टोकाला नेला. चेंडू धरून ठेवला, वेळ काढला आणि सामना 19-18 असा जिंकला. लेकर्सच्या 18 गुणांपैकी 15 मायकनचे. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. 1954-55 पासून 24 सेकंदांच्या आत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ आलं त्यामागे असल्या रटाळ सामन्यांचा मोठा वाटा होता.

त्याआधीच, 1951-52 च्या मोसमात, एनबीएने लेन 12 फुटांची केली. मायकनला आवर घालायला म्हणून. तरी लेकर्स 1952, 1953 आणि 1954 अशी सलग तीन वर्षं जिंकले! विल्ट चेंबरलेन या सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, काळात, 1964-65 पासून, ती आणखी रुंदावून 16 फूट झाली. अमेरिकी महाविद्यालयीन खेळात ती आजही 12 फूटच आहे. म्हणजे कॉलेजचा सेंटर एनबीएत गेला की लेनच्या कडेला उभं राहताना तो बास्केटपासून आणखी 2 फूट दूर जातो. मध्यरेषेपासून 3 फूट, मग 6, मग 8. आकडे किरकोळ वाटतात, पण 8 फुटांवरून वळून मारायला एक ड्रिबल, म्हणजे चेंडूचा एक टप्पा, लागतो, आणि तेवढ्यात दुसरा बचावपटू येऊन धडकतो.

फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने वेगळी वाट धरली. 1956 पासून आंतरराष्ट्रीय लेन समलंब चौकोनी होती: फ्री थ्रो लाइनपाशी 3.6 मीटर, बेसलाइनला थेट 6 मीटर. खाली बेसलाइनजवळ उभं राहायचं तर मध्यरेषेपासून 3 मीटर दूर, म्हणून युरोपातले उंच खेळाडू वर सरकले, बास्केटकडे तोंड करून खेळायला शिकले, पासही चांगला देऊ लागले. यामागे लेनचा आकार हे एकमेव कारण नसेल, पण मोठं कारण नक्की आहे. 2010 मध्ये फिबाने 4.9 मीटरचा आयत स्वीकारला. नागपाड्यापासून सांगलीपर्यंत त्याआधी ज्यांनी खेळ शिकला, त्यांचे पाय त्या तिरक्या रेषांवरच तयार झाले. एनबीएच्या क्लिप बघून ‘ब्लॉकवर (लेनच्या कडेवरच्या बास्केटजवळच्या खुणेवर) उभा राहा’ असं सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. तो ब्लॉक जुन्या मैदानावर तीन सेकंदांच्या भागात मोडायचा.

लेन रुंदावल्याने आणखी एक गोष्ट बदलली. पोस्ट खेळाडू बास्केटला चिकटून असतो तेव्हा बचावपटूला त्याच्या मागेच राहावं लागतं. तो दूर गेला की त्याच्या समोर यायला, म्हणजे फ्रंटिंग करायला, जागा होते. पण त्याच वेळी पोस्टच्या पाठीमागेही मोकळी जागा तयार होते, आणि तिथे लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला पास, पडू शकतो. पास देणाऱ्याची सगळी विद्या या अदलाबदलीतून वाढली.

ती विद्या अशी. आधी बचावपटू कुठे आहे ते पाहायचं, पोस्टचं तोंड नंतर. बचावपटू थेट मागे असेल तर सरळ पास, पोस्टने पुढे केलेल्या पंजावर. पंजा म्हणजे लक्ष्य, छाती नव्हे. बचावपटू वरच्या बाजूने, मधल्या भागाकडून, हात आडवा घालत असेल तर विंगवरून ड्रिबल करत फ्री थ्रो लाइनच्या पातळीखाली उतरायचं आणि बेसलाइनकडच्या हाताने, जमिनीवर टप्पा देऊन, बाउन्स पास द्यायचा. तो खालच्या बाजूला असेल तर विंगवरून थोडं वर, टॉपच्या (फ्री थ्रो वर्तुळावरच्या मधल्या भागाच्या) दिशेने, सरकून पास द्यायचा. तो पूर्ण समोर असेल तर दोनच वाटा. एक, डोक्यावरून लॉब, बोर्डच्या जवळच्या कोपऱ्याच्या रोखाने. दोन, चेंडू फ्री थ्रो लाइनवरच्या साथीदाराकडे. चेंडूने जागा बदलली की समोर उभा असलेला बचावपटू आपोआप पाठीवर जातो, आणि वरून खाली पास मोकळा मिळतो. याला हाय-लो म्हणतात.

बाउन्स पासचा हिशेब पक्का ठेवावा. विंगपासून पोस्टपर्यंत साधारण 15 फूट. टप्पा दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे 10 फुटांवर पडला तर चेंडू गुडघे वाकवून बसलेल्या खेळाडूच्या कमरेपाशी येतो. टप्पा त्याच्या पायाशी पडला तर चेंडू घोट्यावर आदळतो. फार अलीकडे पडला तर वर येऊन रेंगाळतो आणि मागचा बचावपटू वळसा घालून तो उचलतो. स्वतःसमोरच्या बचावपटूचे हात वर असतील तर त्याच्या काखेखालून, हात खाली असतील तर कानाजवळून. हात हवे तिथे नसतील तर आधी फसवा पास दाखवून ते हलवायचे. वर दाखवा, खालून द्या.

शालेय सामन्यांत बरेच पास वाया जातात ते टॉपवरून सरळ आत टाकलेले. तिथून पोस्टकडे जाणारी रेषा दोन-तीन बचावपटूंच्या हातांतून जाते. दुसरी चूक म्हणजे ड्रिबल लवकर उचलणं. मग अंगावर आलेला बचावपटू आणखी पुढे सरकतो आणि पास डोक्यावरून द्यावा लागतो, तो हवेत तरंगतो. तिसरी चूक पोस्टची: पास आपल्याकडे येईल म्हणून जागेवर थांबणं. पाय रुंद, बूड खाली, बचावपटूच्या मांडीवर आपली मांडी, आणि चेंडू सुटला की त्याच्याकडे एक उडी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर. ही जागा धरून ठेवता येते ती सेकंद-दीड सेकंद. त्या वेळात विंगवरचा खेळाडू अजून विचार करत असेल तर दोष पोस्टचा नाही.

5 एप्रिल 1984 ला लास व्हेगासमध्ये लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारने चेंबरलेनचा कारकिर्दीतल्या 31,419 गुणांचा विक्रम मोडला. समोर युटा जॅझचा 7 फूट 4 इंचांचा मार्क ईटन. छायाचित्रांत हवेत वर गेलेला तो हात दिसतो, त्याचा प्रसिद्ध स्कायहुक. त्याआधी साथीदार मॅजिक जॉन्सनने उजवीकडून पोस्टमध्ये दिलेला पास कुठल्या भिंतीवर टांगलेला नसतो. पोस्टला पास देऊन त्याच्या अंगाजवळून धावत जाण्याच्या चालीला प्रशिक्षक आजही ‘लेकर कट’ म्हणतात. पास देऊन जागेवर उभं राहिलं की आपला बचावपटू मोकळा होऊन पोस्टवर दुहेरी दाब टाकायला जातो. कट मारला की त्याला मागे यावंच लागतं.

या पासची सर्वांत शिस्तबद्ध मांडणी ट्रँगल ऑफेन्स या आक्रमणाच्या पद्धतीने केली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रशिक्षक सॅम बॅरीकडे टेक्स विंटर ती शिकला. पुढे विंटरने ती वाढवली, आणि फिल जॅक्सनच्या शिकागो बुल्सने तिच्यावर सहा आणि लेकर्सने पाच विजेतेपदं जिंकली. कोपरा, विंग आणि पोस्ट असा एका बाजूचा त्रिकोण, खेळाडूंत 15 ते 18 फुटांचं अंतर. विंगवरचा चेंडू, पोस्ट आणि बास्केट एका रेषेत असायला हवेत ही तिची मुख्य अट. तसं झालं की बचावपटूला कुठल्या तरी एका बाजूला झुकावंच लागतं, आणि दुसरी बाजू पासला मोकळी राहते.

नंतर नियम पुन्हा पोस्टच्या विरोधात गेले. 1999-2000 पासून एनबीएत फ्री थ्रो लाइनच्या खाली बास्केटकडे पाठ किंवा कूस करून पाच सेकंदांहून जास्त ड्रिबल करायला मनाई झाली. चार्ल्स बार्कलीसारखे खेळाडू बचावपटूला पाठीने रेटत आत नेत, ते थांबलं. पण त्याहून मोठा बदल 2001-02 चा. तोवर एनबीएत झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला, बंदी होती. मदतीला येणाऱ्या बचावपटूला आपला माणूस सोडून पेंटमध्ये, म्हणजे लेनमध्ये, आधीच जाऊन बसता येत नव्हतं. म्हणून फ्रंटिंग करणं म्हणजे जुगार असायचा. मागे लॉब पडला तर वाचवायला कुणी नाही. झोनला परवानगी मिळाली, बचावालाही तीन सेकंदांची मर्यादा आली, पण तेवढा वेळ पुरतो. आता पलीकडच्या बाजूचा उंच खेळाडू पाय पेंटमध्ये ठेवून लॉबची वाट पाहतो. फ्रंटिंग स्वस्त झालं. त्यात तीन गुणांच्या शॉटची भर पडली, आणि पोस्ट-अपची, म्हणजे पोस्टमध्ये पाठमोरं चेंडू घेऊन खेळण्याची, संख्या घसरली. उंच माणसं निकामी झाली असं त्या काळात बरंच बोललं गेलं. ती निकामी झाली नव्हती, त्यांच्यापर्यंतची वाट महागली होती.

त्यावर निघालेला तोडगा मजेशीर आहे. चेंडू खाली ब्लॉकवर न देता वर, फ्री थ्रो लाइनच्या टोकाला, म्हणजे एल्बोला द्यायचा. तो पास आखूड असतो, टॉपवरूनही देता येतो, आणि फ्रंटिंग करणाऱ्याच्या मागे अर्धं मैदान उघडं पडतं. गोल्डन स्टेट वॉरियर्स उंच खेळाडूला चेंडू देऊन लगेच दोन नेमबाजांना एकमेकांसाठी स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभं राहायला, पाठवत. डेन्व्हरचा सेंटर निकोला योकिच एल्बोला चेंडू घेतो, आणि साथीदार जमाल मरे त्याच्या खांद्याला घासून बास्केटकडे सुटतो. डेन्व्हर नगेट्सने 2023 चं विजेतेपद बऱ्याच अंशी याच्या जोरावर मिळवलं. योकिचला पाठमोरं उभं राहून कटर, म्हणजे बास्केटकडे धावणारा साथीदार, शोधताना पाहिलं की डेनर्टची फ्री थ्रो लाइनवरची जागा आठवते. फरक इतकाच की डेनर्टला आत तीन सेकंद मोजणारा कुणी नव्हता.