पायथनमधील मर्यादित थ्रेड आणि त्यांची आर्ग्युमेंट

एकच फंक्शन वेगवेगळ्या माहितीवर एकाच वेळी चालवायचे, पण थ्रेडची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या धाग्यांची, संख्या आवाक्यात ठेवायची, ही गरज नेटवर्कवरून माहिती आणताना हमखास पडते. समजा, नागपूर महानगरपालिकेच्या १० झोनची वेबपाने उतरवून घ्यायची आहेत. लक्ष्मीनगर, धरमपेठपासून आसीनगर, मंगळवारीपर्यंत. सर्व्हरवर ताण नको म्हणून एका वेळी तीनच. फंक्शन तेच, त्याला पुरवलेली माहिती (आर्ग्युमेंट), म्हणजे झोनचे नाव, तेवढी बदलते.

यासाठीचे रूढ साधन म्हणजे थ्रेडचा संच (पूल) सांभाळणारा थ्रेडपूलएक्झिक्युटर. ‘कॉन्करंट फ्यूचर्स’ या मॉड्यूलमधून ते पायथन ३.२ सोबत २०११ साली आले. ‘मॅक्स वर्कर्स’ची किंमत ३ ठेवली की तीनच थ्रेड तयार होतात, हातचे काम संपले की तोच थ्रेड पुढचे उचलतो. पायथन ३.५ पासून ही किंमत न देताही चालते, पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती स्वतः ठरवलेली बरी.

पूलकडे काम सोपवणाऱ्या ‘सबमिट’ला आधी फंक्शनचे नुसते नाव द्यायचे, मग स्वल्पविराम आणि आर्ग्युमेंट. नावापुढे कंस टाकून फंक्शन तिथेच बोलावले, तर ते मुख्य थ्रेडमध्येच चालते आणि पूलच्या हाती फक्त त्याचे उत्तर पडते. ही चूक मोठी फसवी: पाने येतात, फक्त एकामागून एक. ते उत्तर फंक्शन समजून चालवताना पूलमध्ये उठलेला टाइपएरर फ्यूचरमध्ये, म्हणजे सबमिटने परत दिलेल्या ऑब्जेक्टमध्ये, दडून राहतो आणि ‘रिझल्ट’ मागेपर्यंत दिसत नाही.

थ्रेड क्लास थेट वापरताना आर्ग्युमेंट टपलमध्ये, म्हणजे कंसातल्या स्वल्पविरामाने जोडलेल्या यादीत, द्यावी लागतात. एकच आर्ग्युमेंट असेल तर त्यानंतरचा स्वल्पविराम विसरता कामा नये. नाहीतर कंस असूनही ती साधी स्ट्रिंगच (मजकूर) उरते आणि तिचे एकेका चिन्हाचे तुकडे पडतात. ‘धंतोली’ दिले तर फंक्शनला एकाऐवजी सहा आर्ग्युमेंट मिळाल्याची तक्रार येते. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात, पण पायथन अनुस्वार, ओकार आणि वेलांटी वेगळी मोजतो.

लूपमधल्या लॅम्ब्डाचा, म्हणजे छोट्या निनावी फंक्शनचा, घोटाळा निराळा. तो झोनचे नाव धरून ठेवत नाही, चालायच्या वेळी व्हेरिएबलमध्ये जे असेल ते वाचतो. त्यामुळे मंगळवारीचेच पान पुन्हापुन्हा येऊ शकते. नाव सबमिटला आर्ग्युमेंट म्हणून दिले की प्रश्न मिटतो.

एक्झिक्युटरच्या ‘मॅप’ला फंक्शन आणि झोनची यादी दिली की उत्तरे त्याच क्रमाने मिळतात. दोन याद्या दिल्यास जोड्या लागतात आणि छोटी यादी संपली की काम थांबते. सगळ्यांना समान असलेले आर्ग्युमेंट, उदाहरणार्थ टाइमआउट, ‘पार्शल’ने आधीच बांधून ठेवता येते.

एका वेळी ठरावीक थ्रेडनाच पुढे सोडणाऱ्या सेमाफोरनेही मर्यादा घालता येते, मात्र त्यात थ्रेड सगळेच जन्माला येतात आणि आपली पाळी येईपर्यंत ताटकळतात. दहा झोनला ते चालून जाते, हजारो पानांना नाही.