विमानातील हवामान रडार : कॉकपिटमधील वापर

विमानाच्या नाकाशी, रेडोम नावाच्या आवरणाआड बसवलेला अँटेना डावीउजवीकडे फिरत समोरच्या आकाशात रेडिओलहरींचा झोत सोडतो आणि पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या लहरींचे चित्र वैमानिकापुढील पडद्यावर उमटते. वाटेतील गडगडाटी ढग वेळीच ओळखून त्यांना वळसा घालता यावा, यासाठी ही यंत्रणा असते. प्रवासी विमानांतील रडार सहसा एक्स-बँड नावाच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात, सुमारे ३.२ सेंटिमीटर तरंगलांबीवर चालते.

पडद्यावरील हिरवा रंग हलका, पिवळा मध्यम आणि तांबडा जोरदार पाऊस दर्शवतो. डॉप्लर तत्त्वाने, म्हणजे परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतील बदलावरून, टिपलेली हवेची खळबळ बहुधा किरमिजी रंगात दिसते. मात्र रडारला ढग दिसत नाही, पाणी दिसते. ओल्या गारा आणि मोठे थेंब लहरी जोराने परतवतात, तर कोरडे हिमस्फटिक इतक्या क्षीणपणे परतवतात की उंच गडगडाटी ढगाचा माथा पडद्यावर जवळजवळ उमटतच नाही. निरभ्र हवेतील खळबळही त्यात दिसत नाही.

म्हणूनच अँटेनाचा उभा कोन, म्हणजे टिल्ट, योग्य ठेवणे हे या कामातले खरे कौशल्य आहे. एका अंशाच्या फरकाने झोत ६० सागरी मैलांवर साधारण ६,००० फूट वरखाली होतो. समजा, विमान ३५,००० फुटांवर आहे, झोत साडेतीन अंश रुंद आहे आणि टिल्ट शून्यावर आहे. ६० मैलांवर झोताची खालची कड सुमारे २४,५०० फुटांवर असते, तर २० मैलांवर ती ३१,५०० फुटांपर्यंत चढते. त्यामुळे ढगाचे पाणीदार पोट झोताखाली राहते आणि जवळ येणारा तांबडा ठिपका पिवळा, मग हिरवा होत नाहीसा होतो. वादळ मात्र जिथल्या तिथेच असते. हे टाळण्यासाठी पडद्याच्या वरच्या कडेला जमिनीचे प्रतिध्वनी जेमतेम दिसतील इतका टिल्ट खाली घेतात आणि उंची किंवा रेंज, म्हणजे पडद्यावर दाखवले जाणारे अंतर, बदलली की तो पुन्हा जुळवतात.

दुसरा धोका क्षीणनाचा. मुसळधार पाऊस लहरी शोषून घेतो व विखुरतो, त्यामुळे त्यामागचा भाग पडद्यावर काळा, म्हणजे मोकळा भासतो. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सदर्न एअरवेजच्या उड्डाण क्रमांक २४२ चे डीसी-९ विमान तीव्र वादळात शिरले. पाऊस आणि गारांच्या माऱ्याने त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. वादळातून वाट काढण्यासाठी कॅप्टनने विमानातील रडारवर ठेवलेली भिस्त, हे अधिकृत चौकशीत अपघाताचे एक कारण ठरले. दाट तांबड्या पट्ट्यामागील काळ्या जागेकडे वाट म्हणून पाहू नये, हे शिकवण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. हुकासारखे वळलेले, बोटांसारखे लांबलेले किंवा दातेरी कडांचे प्रतिध्वनी गारपिटीची शक्यता सुचवतात. तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल दूर राहावे, असा प्रचलित दंडक आहे.

गेन, म्हणजे परतलेल्या लहरी टिपण्याची रडारची संवेदनशीलता, एरवी प्रमाणित स्थितीत ठेवतात, कारण रंगांचा अर्थ तिथेच खरा असतो. उंचावरील हिमस्फटिकांचे क्षीण प्रतिध्वनी शोधताना तो तात्पुरता वाढवतात. रेंजबाबत एका वैमानिकाने जवळचे, तर दुसऱ्याने लांबचे चित्र ठेवणे सोयीचे पडते. अलीकडचे संच अनेक कोनांतून आकाश न्याहाळून टिल्ट आपोआप सांभाळतात, तरी हाताने तो बदलण्याची सोय त्यांतही असते. जमिनीवर इंधन भरताना किंवा समोर माणसे असताना रडारचे प्रक्षेपण बंद ठेवतात.