कॅनडात डिझाईनचं रजिस्ट्रेशन लांबवायचंय? आधी हे वाचा

प्रॉडक्ट बाजारात यायला अजून वर्ष आहे पण डिझाईनचा, म्हणजे वस्तू दिसते कशी त्याचा, अर्ज आत्ताच टाकायचाय, नाहीतर अर्जाची लवकरची तारीख हातची जाते, अशा वेळी बरेच जण घाबरतात की रजिस्ट्रेशन झालं की चित्रं सगळ्यांना दिसणार आणि कॉम्पिटिटर आधीच सावध होणार. कॅनडात यावर सोय आहे. सिपोला, म्हणजे तिथल्या इंटलेक्चुअल प्रॉपर्टी ऑफिसला, रजिस्ट्रेशन पुढे ढकला अशी रिक्वेस्ट करता येते, जास्तीत जास्त 30 महिने. नोव्हेंबर 2018 मध्ये नवे नियम आले तेव्हापासून हे सुरू आहे.

अर्ज डिझाईनच्या मालकाच्या नावाने लागतो, काम एजंटकडून करून घेतलं तरी चालतं. लागतं काय तर नाव-पत्ता, वस्तूचं नाव, डिझाईनचे स्पष्ट फोटो किंवा ड्रॉइंग आणि फी. ढकलण्याची रिक्वेस्ट वेगळी, तिची फीही वेगळी, ती अर्जासोबतच द्या असं मी सांगेन. नंतरही देता येते पण रजिस्ट्रेशन व्हायच्या आत, एकदा ते झालं की विषय संपला. चालू फी सिपोच्या साइटवर बघूनच भरा.

आता जिथे लोक फसतात ते. हे 30 महिने कॅनडातल्या अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात असं नाही, प्रायॉरिटी, म्हणजे त्याच डिझाईनच्या दुसऱ्या देशातल्या आधीच्या अर्जाची तारीख, क्लेम केली असेल तर सगळ्यात जुन्या प्रायॉरिटी तारखेपासून मोजतात. समजा पहिला अर्ज दुसऱ्या देशात 10 मार्च 2025 ला केला आणि कॅनडात 5 सप्टेंबर 2025 ला, तर मुदत 10 सप्टेंबर 2027 ला संपते, मार्च 2028 ला नाही. सहा महिने असेच जातात. आणि त्या तारखेला रजिस्ट्रेशन झालेलं नसलं तरी अर्ज लोकांना बघायला खुला होतोच.

सिपोकडून होणारं अर्जाचं परीक्षण मात्र थांबत नाही हं! त्यात हरकतींचा रिपोर्ट आला तर उत्तर मुदतीतच द्यायचं, रजिस्ट्रेशन पुढे ढकललंय म्हणून निवांत बसलात तर अर्जच बाद होऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रजिस्ट्रेशन होईपर्यंत कुणी कॉपी केली तर त्याला कोर्टात खेचता येत नाही, कारण हक्क तेव्हाच सुरू होतो. शेवटची तारीख मात्र पुढे सरकत नाही. रजिस्ट्रेशनपासून 10 वर्षं किंवा अर्जापासून 15 वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तिथपर्यंत संरक्षण मिळतं, तेही रजिस्ट्रेशनपासून पाच वर्षांच्या आत मेंटेनन्स फी, म्हणजे हक्क चालू ठेवण्याची फी, भरली तर. प्रायॉरिटी नसेल आणि पूर्ण 30 महिने ढकललंत तर हातात साडेबारा वर्षंच उरतात. म्हणून उगाच पूर्ण मुदत मागू नका, लाँचची तारीख धरून उलटं मोजा आणि माल दुकानात पोचायच्या आधी रजिस्ट्रेशन होईल एवढंच ढकला.