फ्री फाइल वेगळं आणि ‘फ्री एडिशन’ वेगळं

फेब्रुवारी लागला की अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरणाऱ्या आपल्या मंडळींचं सुरू होतं, फ्री फाइल कसलं फ्री, माझे तर पैसे घेतले. घेतले असतील, पण ते फ्री फाइलने नाही घेतले हो! तुम्ही टर्बोटॅक्स या रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरच्या साइटवर जाऊन त्यांची फ्री एडिशन वापरलीत. दरवर्षी हाच घोळ बघून आता खरंच वैताग आलाय.

फ्री फाइल म्हणजे आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) आणि टॅक्स सॉफ्टवेअर कंपन्यांमधला २००२ चा करार. कंपन्यांनी ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांचं रिटर्न फुकट भरू द्यायचं, बदल्यात आयआरएसने स्वतःचं फुकट सॉफ्टवेअर काढायचं नाही (ही दुसरी अट २०१९ च्या शेवटी गेली).

आता खरी मेख. फ्री फाइल बघतं तुमचं उत्पन्न, फ्री एडिशन बघते तुमचे फॉर्म. २०२४ च्या उत्पन्नासाठी फ्री फाइलची मर्यादा ८४,००० डॉलर एजीआय (ठरावीक वजावटी काढून उरलेलं वर्षाचं उत्पन्न) होती, एकट्याने भरा नाहीतर नवरा-बायकोने मिळून, आकडा तोच. त्याच्या आत असाल आणि निवडलेल्या कंपनीच्या वय, राज्य वगैरे अटींत बसत असाल तर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, रिटर्नचे पैसे नाहीत, मग व्याज-डिव्हिडंडचं शेड्यूल बी लागो नाहीतर स्वतःच्या धंद्याचं सी, फक्त त्यांचं सॉफ्टवेअर तो फॉर्म घेतं ना एवढं बघायचं. फ्री एडिशनमध्ये मात्र पगार वीस हजार असला तरी साध्या १०४० च्या (मुख्य रिटर्न फॉर्मच्या) बाहेर काही निघालं की बिल. आपले लोक कुठे अडकतात सांगू? डब्ल्यू-२ (पगाराचा फॉर्म) भरला, इथल्या बँकेचं व्याज टाकलं, सगळं मस्त चाललंय आणि मग पुण्यातल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीचं व्याज आठवतं, परदेशात खातं म्हटलं की शेड्यूल बीचा तिसरा भाग आलाच, आणि तिथे अपग्रेड करा म्हणून स्क्रीन येते. तोवर सगळी माहिती भरून झालेली असते, परत पहिल्यापासून कोण करणार, म्हणून माणूस मुकाट्याने कार्ड काढतो. कमी पगाराच्या माणसाला असं शेवटच्या पायरीवर गाठणं मला अजिबात पटत नाही.

त्यात नावं बघा. टर्बोटॅक्स करारात होतं तेव्हा त्यांच्या फ्री फाइलवाल्या प्रॉडक्टचं नाव होतं फ्रीडम एडिशन, आणि धंद्याचं ते फ्री एडिशन. गोंधळ होणार नाही तर काय! वर २०१९ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने उघड केलं की फ्री फाइलचं पान गुगलमध्ये दिसू नये असा कोडच टर्बोटॅक्सने टाकला होता. त्या सीझनला पात्र असूनही पैसे भरलेले लोक १.४ कोटींहून जास्त असावेत, असं सरकारच्याच तपासणीत निघालं. २०२२ मध्ये टर्बोटॅक्सच्या कंपनीने, इंट्युटने, राज्यांशी तडजोड करून १४.१ कोटी डॉलर दिले. पण त्याआधी २०२१ लाच ते करारातून बाहेर पडले होते, एचअँडआर ब्लॉक ही दुसरी मोठी टॅक्स कंपनी तर २०२० मध्येच, त्यामुळे आज या दोघांच्या साइटवर कितीही शोधा, फ्री फाइल मिळणारच नाही.

जायचं ते आयआरएस डॉट जीओव्हीवरून, तिथल्याच लिंकने. त्याच कंपनीच्या साइटवर थेट गेलात तर कराराचा भाव लागत नाही.

डायरेक्ट फाइल हे तिसरंच, सरकारचं स्वतःचं सॉफ्टवेअर, २०२४ ला १२ राज्यांत सुरू झालं, २०२६ साठी बंद केलं. उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर आयआरएसचे फिलेबल फॉर्म्स (ऑनलाइन स्वतःच भरायचे कोरे फॉर्म) आहेत, फुकट, पण तिथे कोणी हात धरून शिकवत नाही. आणि स्टेट रिटर्नचे पैसे काही कंपन्या फ्री फाइलमध्येसुद्धा घेतात, ते कंपनी निवडतानाच बघून घ्या.